सुहासिनी मॅमचे तीन स्टार

"नंबर सांगा ना काका," काउंटरवरची मुलगी दुसऱ्यांदा म्हणाली, आणि हरिहरराव पोतनीस छताकडे बघू लागले.

स्वतःचा मोबाइल नंबर त्यांना पाठ नव्हता. असायचं कारणही नव्हतं. स्वतःला फोन कोण लावतो? इतकी वर्षं त्यांनी लावला तो एकच नंबर, बायकोचा. "निघालो", "पोचलो", "कोथिंबीर मिळाली नाही" एवढंच सांगायला. तोच आता तोंडातून बाहेर पडला. मुलीने तो समोरच्या यंत्रात टिपला, मान डोलावली, आणि कॉफी तयार झाल्यावर सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशी हाक मारली, "सुहासिनी मॅऽऽम!"

हरिहररावांनी दचकून मागे दाराकडे पाहिलं. सुहासिनीबाईंना जाऊन तेव्हा पुरता महिनाही झाला नव्हता.

'फेसाळ' नावाचं हे कॉफीचं दुकान पिंपरी-चिंचवडच्या प्राधिकरणात, त्यांच्या घराच्या कोपऱ्यावर, गेल्याच वर्षी उघडलं होतं. सुहासिनीबाईंना त्याचं भारी अप्रूप. सकाळचं फिरणं झालं की त्या नवऱ्याला ओढत तिथे न्यायच्या. कॉफी प्यायला नाव आणि नंबर कशाला लागतो, यावर हरिहररावांनी पहिल्या दिवशी दुकानात छोटंसं भाषण केलं होतं. ते चालू असतानाच सुहासिनीबाईंनी आपलं नाव, नंबर देऊन टाकला आणि वर तेव्हा काउंटरवर असलेल्या पोरीला "दमली असशील गं" असंही म्हणून घेतलं. खातं त्यांच्या नावावर पडलं ते असं.

आता गंमत अशी, की हरिहररावांनी बायकोला उभ्या संसारात नावाने कधी हाक मारली नव्हती. लग्नात उखाणा घ्यायला लावला तेव्हा घेतलं असेल नसेल तेवढंच. पुढे 'अगं', 'ऐकलंस का', आणि चारचौघांत 'सलिलची आई'. सलिल बंगळूरला, तो आई म्हणणार. सोसायटीत सगळ्यांच्या त्या काकू. आणि गेल्यापासून तर लोक एवढंही म्हणत नव्हते. हरिहरराव दिसले की आवाज उतरवून "त्या" म्हणायचे. घरात 'अगं' म्हणून हाक मारायची ओठांवर यायची आणि तिथेच विरायची. अख्ख्या पिंपरी-चिंचवडात सुहासिनी हे नाव मोठ्याने घेणारी ही एकच जागा उरली होती.

हरिहरराव रोज जाऊ लागले. कॉफी त्यांना मुळीच आवडत नव्हती, काढ्यासारखी लागायची. पण ते दाराजवळची लांबची खुर्ची धरायचे, म्हणजे हाक मोठ्याने मारावी लागे. आणि पहिल्या हाकेला उठायचे नाहीत. ऐकूच न आल्यासारखं खिडकीबाहेर बघत बसायचे. मग दुसरी हाक यायची, जरा लांबवलेली. तेव्हा सावकाश उठायचे.

"मॅम आजपण नाही आल्या का?" मुलीने एकदा विचारलं. वर्षाली तिचं नाव. बीडकडची, आकुर्डीत मावशीकडे राहून सकाळी हे काम आणि दुपारी कॉलेज करणारी. दुकानातली माणसं सारखी बदलायची, आताच्यांपैकी कुणीच सुहासिनीबाईंना पाहिलं नव्हतं.

"येतील मागून," हरिहरराव म्हणाले.

खोटं बोलायचं त्यांच्या मनात नव्हतं. पण खरं बोललो तर ही हाक मारायची बंद होईल, हे त्यांना त्या एका क्षणात कळलं. पुढे सुहासिनीबाईंचे गुडघे दुखू लागले, मग त्यांना सर्दी झाली, मग त्या सलिलकडे जाऊन आल्या. दुकानापुरत्या त्या ठणठणीत जिवंत होत्या आणि त्यांच्या मागे बरीच कामं होती.

इथपर्यंत कुणाचं काही बिघडलं नव्हतं. बिघडलं ते मेसेजमुळे.

बायकोचा फोन हरिहररावांनी चालू ठेवला होता. गॅस, वीज, दूध, सगळं त्याच नंबरावर. निदान सलिलला त्यांनी कारण तेच सांगितलं होतं. त्या फोनवर रोज कॉफीनंतर मेसेज यायचा: 'सुहासिनी, आजचा अनुभव कसा होता?' आणि खाली पाच चांदण्या. सुहासिनीबाई कुणाच्याही मेसेजला उत्तर दिल्याशिवाय राहायच्या नाहीत. बँकेने वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या तरी उलट धन्यवाद पाठवायच्या. तिच्या नावाने आलेला प्रश्न अनुत्तरित राहणं बरं दिसत नाही, म्हणून हरिहररावांनी चष्मा लावला आणि तीन चांदण्या दाबल्या.

इथे त्यांच्या नोकरीबद्दल सांगायला हवं. ते आकुर्डीच्या एका कारखान्यात तपासणी विभागात होते. तिथली पद्धत अशी की एक म्हणजे भंगारात, दोन म्हणजे पुन्हा करून आणा, आणि तीन म्हणजे माल पाठवण्यास योग्य. हाताखालच्या माणसांचे वर्षाचे गुणही ते याच मापाने द्यायचे. चार त्यांनी नोकरीत कुणाला दिले नव्हते, आणि पाच हा आकडा कागदावर छापलाच कशाला, हे त्यांना निवृत्त होईपर्यंत कळलं नाही. तीन मिळालेला माणूस त्यांच्या खात्यात पेढे वाटायचा. घरीही तेच. आमटी कशी झाली, असं सुहासिनीबाई रोज विचारायच्या आणि हरिहरराव रोज म्हणायचे, "ठीक."

चांदण्यांखाली शेरा लिहायला जागा होती. जागा आहे म्हटल्यावर त्यांनी लिहिलं: 'फेसाची उंची किंचित कमी. वर्षाली यांचे वर्तन समाधानकारक. सुधारणेस वाव आहे.' हे शेवटचं वाक्य त्यांनी आयुष्यात प्रत्येक कागदावर लिहिलं होतं. सलिलच्या लग्नाचा हॉल पाहून आल्यावरसुद्धा त्यांचं मत तेच होतं.

दुसऱ्या दिवशी कॉफीबरोबर एक बिस्किट फुकट आलं. हरिहररावांनी नोंद घेतली: 'बिस्किट मऊ पडलेले. तीन.' तिसऱ्या दिवशी दुकानाचा मॅनेजर निरंजन स्वतः कप घेऊन टेबलापाशी आला. "सर, मॅमना सांगा, वुई आर रिअली सॉरी." कशाबद्दल सॉरी हे काही हरिहररावांना कळलं नाही, पण मुलगा नम्र वाटला. त्यालाही तीन दिले.

त्या आठवड्यात वर्षालीला दोन दिवस प्रशिक्षणाला पाठवलं. परत आली ती चेहऱ्यावर हसू चिकटवूनच. पूर्वी ती "बसा काका, आणते" म्हणायची, आता छातीवर हात ठेवून म्हणू लागली, "फेसाळमध्ये आपलं मनापासून स्वागत आहे, सर. आज आम्ही आपला दिवस कसा खास करू शकतो?"

"कॉफी देऊन," हरिहरराव गोंधळून म्हणाले. आणि रात्री लिहिलं: 'हास्य आवश्यकतेपेक्षा जास्त. वर्षाली यांनी पूर्ववत व्हावे. तीन.' तिच्या भल्यासाठीच लिहिलं होतं.

मग एक दिवस हाक आलीच नाही. वर्षाली कप घेऊन स्वतः टेबलापाशी आली, तो खाली ठेवला आणि तिथेच उभी राहिली. डोळे लाल.

"काका, एक विचारू? रागावू नका. माझं नेमकं काय चुकायलंय? मॅम एवढ्या का खवळल्यात माझ्यावर?"

"कोण खवळलंय?"

"रोज तीन देतात. चारच्या खालचं सगळं आमच्याकडं तक्रारीत धरतात. आता पार लांब, माणच्या ब्रँचला टाकायलेत मला. तिकडून दुपारच्या कॉलेजला कशी पोचणार मी? सोडावंच लागंल. घरी कळलं तर म्हणतील, बास झालं, ये परत." तिने नाक पुसलं. "बरं, मॅम कधी इथं येत नाहीत. तुमचं ऐकून घरी बसल्या बसल्या लिहितात का हो?"

तेवढ्यात आतून दूध तापवणाऱ्या पोरांचं बोलणं कानावर आलं. दार अर्धं उघडं होतं.

"मोज रे फेस, मॅमची कॉफी आहे."

"खाष्ट बाई दिसते भावा. काकांची दया येते राव. म्हणून तर बिचारे रोज इथं येऊन बसतात."

हरिहररावांनी कप तसाच ठेवला आणि ते बाहेर पडले. ज्या बाईने भाजीवाल्याशी कधी घासाघीस केली नाही, कामाला येणाऱ्या भिमाबाईच्या हातून कप फुटला तर आधी तिचं बोट बघितलं, त्या बाईचं नाव घेतलं की आता या दुकानात पोरं घाबरत होती. आणि हे सगळं करून ठेवलं होतं कुणी? त्यांना रस्त्यावरच रडू आलं.

समोरच्या टपरीवर चिमाजी काळभोर चहा पीत बसला होता. हा त्यांच्याच कारखान्यातला, आकुर्डी गावठाणातला जुना माणूस. सुहासिनीबाई गेल्याचं त्याला ठाऊक होतं. त्याने दुकानातला सगळा प्रकार ऐकून घेतला आणि कपाळावर हात मारला.

"साहेब, मला तुमी दर वर्षाला तीनच दिलं. त्या पायी माझं प्रमोशन ग्येलं. हाय का ठावं?"

"अरे, तीन म्हणजे उत्तम होतं!"

"ते तुमच्या टकुऱ्यात व्हतं. वरच्यांना कुठं म्हाईत?" चिमाजी हसला, पण फार नाही. "आता काडा तो फोन. समद्या जुन्या तीनांचं पाच करून टाका. व्हतंय का तसं?"

होत होतं. दोघं बागेतल्या बाकावर बसले. हरिहरराव एकेक जुना शेरा उघडत होते आणि चिमाजी सांगत होता, "लिवा, पोरगी सोन्यावानी हाय." पाच दाबताना हरिहररावांचा अंगठा पहिल्यांदा अडखळला, मग सैल झाला. जेवणाच्या वेळेपर्यंत सुहासिनी पोतनीस या गिऱ्हाइकाच्या सगळ्या तक्रारी जाऊन तिथे नुसतं सोनं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी दुकानात सांगवीच्या मुख्य कार्यालयातून मधुवंतीबाई आलेल्या होत्या. हातात टॅब, चेहरा गंभीर. वर्षाली काउंटरमागे भिंतीला टेकून उभी. निरंजनने घाईघाईने हरिहररावांना खुर्ची दिली.

"सर, बरं झालं आलात," मधुवंतीबाई म्हणाल्या. "तुमच्या मिसेसचे सगळे जुने रेटिंग काल एका सकाळीत बदलले गेलेत. एकूण एक पाच. सगळीकडे वर्षालीचं कौतुक, आणि भाषाही..." त्यांनी टॅबकडे पाहिलं. "'पोरगी सोन्यावानी हाय.' या भाषेत मॅम आधी लिहीत नव्हत्या. आमच्या सिस्टिमला असं दिसतंय की कुणीतरी मॅमचा फोन वापरला. असं स्टाफने केलं असेल तर आम्हाला कामावर ठेवता येत नाही."

"मी हात पण लावला नाही हो कुणाच्या फोनला!" वर्षाली म्हणाली.

"तेच मॅमनी सांगावं, एवढंच हवंय. एक मिनिट बोलते त्यांच्याशी." आणि मधुवंतीबाईंनी नंबर लावला.

हरिहररावांच्या खिशात नात खिदळू लागली. सुहासिनीबाईंनीच लावलेली रिंगटोन होती ती. नात दोन वर्षांची असताना तिला गुदगुल्या करून रेकॉर्ड केलेली. सगळं दुकान खिशाकडे बघत राहिलं. नात थांबेचना. हरिहररावांनी खिशात हात घातला, पण बटण काही सापडेना.

"मॅमचा फोन तुमच्याकडे आहे?" मधुवंतीबाईंनी विचारलं.

"घरी विसरली ती. म्हणजे मीच उचलला."

"मग त्या घरी आहेत ना? आपण सगळेच जाऊ. इथून जवळच आहे म्हणतात. निरंजन, ते गिफ्टचं खोकं घे."

निरंजनने खोकं उचललंसुद्धा. हरिहररावांच्या डोळ्यांसमोर ही वरात आपल्या जिन्याने चढताना आली. दारावर दोघांच्या नावाची पाटी, आत गेल्यावर टेबलावर तो हार घातलेला फोटो. त्यांनी वर्षालीकडे पाहिलं. ती रडत नव्हती आता. पदवीचं काय व्हायचं ते झालं, असा तिचा चेहरा झाला होता.

"थांबा," हरिहरराव म्हणाले. "सुहासिनी घरी नाही."

आणि आपण काय उच्चारलं हे लक्षात येऊन ते क्षणभर स्वतःच थबकले. उखाण्यानंतर पहिल्यांदाच.

"सुहासिनी वारली. दिवाळीनंतर. ते तीन मीच दिले आणि ते पाचही मीच. या मुलीने काहीच केलेलं नाही." एकदा सुरू झाल्यावर त्यांना थांबता येईना. "आणि ती असं कधी लिहिणार नाही हो. ती कुणाला तीन देणारी बाई नव्हती. तुमची कॉफी सांडली असती ना, तरी तिने पाच दिले असते आणि पुसायला फडकं मागितलं असतं. हा फेसबीस मोजणारा शहाणा मी. आमच्यात तीन म्हणजे चांगलं म्हणतात. तिला खाष्ट नका म्हणू. मला म्हणा."

आतल्या दारातली पोरं हळूच मागे सरली. निरंजनने खोकं खाली ठेवलं. मधुवंतीबाई टॅब बाजूला ठेवून त्यांच्या समोर बसल्या.

"मग काका, इतके दिवस तुम्ही..."

"तुम्ही तिचं नाव घेता ना," हरिहरराव म्हणाले. "दुसरं कोणी घेत नाही."

मग मधुवंतीबाईंनी अगदी हलक्या आवाजात सांगितलं, की ग्राहक हयात नसेल तर खातं बंद करावं लागतं. खातं बंद झालं की त्यावरचं सगळं पुसलं जातं, तीनही आणि पाचही. वर्षालीच्या नावावर काही राहणार नाही. ती इथेच राहील, कॉलेजही राहील.

"आणि नाव?"

"नावही जाईल, काका."

हरिहररावांनी मान डोलावली. "काढा," ते म्हणाले.

मधुवंतीबाईंचं बोट टॅबवर टेकणार एवढ्यात निरंजन पुढे झाला. "मॅम, एक मिनिट. या खात्यावर एक फ्री कॉफी जमलीये. बंद केलं तर वाया जाईल." असल्या वेळी हे बोलावं का, असं वाटून तो स्वतःच लाजला. पण मधुवंतीबाईंनी बोट मागे घेतलं.

वर्षालीने कॉफी केली. हरिहरराव उठून आपल्या लांबच्या खुर्चीत जाऊन बसले. कप काउंटरवर आला. वर्षालीने कपाकडेच बघत हाक मारली.

"सुहासिनी मॅम," ती पुटपुटली.

"मोठ्याने, बाळ," हरिहरराव म्हणाले.

तिने घसा खाकरला. "सुहासिनी मॅऽऽम!"

या वेळी ते पहिल्याच हाकेला उठले.

नंतरचे काही दिवस हरिहरराव तिकडे फिरकले नाहीत. मग एका सकाळी गेले. स्वतःचा नंबर चिमाजीकडून चिठ्ठीवर लिहून आणला होता. तो वाचून दाखवला, नाव सांगितलं आणि सवयीने दाराजवळ जाऊन बसले. जरा वेळाने हाक आली, "हरिहर सर!" हरिहरराव खिडकीबाहेर बघत होते. पुन्हा हाक आली. मग तिसरी. एवढ्या हाका मारतात, त्या पोरीचा घसा बसेल आणि हा कोण हरिहर आहे त्याला त्याचं काहीच नाही, असं मनाशी म्हणत त्यांनी नापसंतीने आजूबाजूच्या टेबलांवर नजर टाकली. तिथे सगळ्यांच्या हातात आपापले कप होते.

"काका," वर्षाली कप घेऊन शेजारी उभी होती. "तुम्हालाच हाक मारायलेय मी."

"हो की," हरिहरराव म्हणाले. "मीच तो."

ती जवळच जरा वेळ उभी राहिली, मग गिऱ्हाईक आलं म्हणून गेली. कॉफी काढ्यासारखीच होती. थोड्या वेळाने दुसऱ्या खिशातला, त्यांचा स्वतःचा फोन थरथरला. 'हरिहर, आजचा अनुभव कसा होता?' खाली पाच चांदण्या. त्यांनी चष्मा लावला. आमटी कशी झाली, असं रोज विचारून पदराला हात पुसत उभी राहणारी बाई त्यांच्या डोळ्यांसमोर आली. ती काय ऐकायला थांबत होती, हे आता कळून काही उपयोग नव्हता.

त्यांनी पाच दाबले. फोनने लगेच विचारलं, 'सर्वांत जास्त काय आवडलं?'

पाच दिले की कारणही विचारतात, हे जुने शेरे बदलताना त्यांना दिसलं नव्हतं. बराच वेळ विचार करून त्यांनी एकेक अक्षर शोधत लिहिलं: 'इथे नावाने हाक मारतात.' पुढे अंगठा सवयीने 'सु' पर्यंत गेला. 'सुधारणेस वाव आहे' हे नेहमीचंच वाक्य येणार होतं. पण त्यांनी तसाच राहू दिला तो 'सु', आणि त्यापुढे तिचं नाव पूर्ण करून टाकलं.